ढिगातला बिननावाचा तवा

इकडे ओहायोत रविवारच्या जुन्या बाजारात बिडाच्या तव्यांपुढे माणसं उकिडवी बसलेली दिसतात. तवा उलटा करायचा, तळावरून बोट फिरवायचं, मोबाईलच्या उजेडात अक्षरं शोधायची. ‘ग्रिसवोल्ड’ किंवा ‘वॅग्नर’ असं जुन्या नामांकित कंपनीचं नाव सापडलं की विकणाऱ्याचा भाव लगेच चढतो. काहीच सापडलं नाही तर तवा परत ढिगात. मी त्या ढिगातले घेतो.

बेळगावात वाढलेल्याला यात विशेष काही वाटू नये. उद्यमबागेत, मच्छेत पंपाचे, व्हॉल्व्हचे, गाड्यांचे सुटे भाग ओततात. त्यावर नाव उमटतं ते गिऱ्हाईकाचं, ओतणाऱ्याचं नाही. जॉबवर्क म्हटलं की हे आलंच. अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी तव्यांचं तेच चाललं होतं. सिअर्ससारखे कॅटलॉगवाले आणि हार्डवेअरचे व्यापारी फाउंड्रीकडून, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याकडून, बिननावाचे तवे ओतून घ्यायचे. म्हणजे नाव नसलेला तवा मोठ्या फाउंड्रीतलाही असू शकतो, आणि कुणाला आता आठवतही नाही अशा एखाद्या छोट्या फाउंड्रीतलाही.

आणि फाउंड्र्या होत्या तरी किती! ओहायोतल्या डेटनहून आय-७५ महामार्गानं उत्तरेला निघालं की आधी पिक्वे लागतं, मग सिडनी (ऑस्ट्रेलियातलं नव्हे), मग वापाकोनेटा. सगळं मिळून बेळगाव-कोल्हापूरपेक्षा कमीच अंतर. पिक्वेत फेवरिट स्टोव्ह अँड रेंज होती. सिडनीत १८९१ साली निघालेली वॅग्नर, आणि त्याच गावात सिडनी हॉलोवेअर. वापाकोनेटा जगाला माहीत आहे ते नील आर्मस्ट्राँगचं गाव म्हणून, पण तव्यांच्या नादी लागलेल्यांना ते १९०३ ते १९२६ चाललेल्या वापाक हॉलोवेअरमुळे माहीत असतं. ग्रिसवोल्ड मात्र इथली नव्हे. ती शेजारच्या पेनसिल्व्हेनियातल्या ईरी गावची, १८६५ ची. १९५७ मध्ये ती बंद पडली.

माझे मामा उद्यमबागेत मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे करणारे, होते. नवा तवा घरी आला की मी त्यांना व्हिडिओ कॉल लावतो. मागे एक घेतला, त्याच्या तळाच्या मधोमध बोटभर लांबीची उंच, खरबरीत रेघ होती. विकणाऱ्या बाईंनी तडा गेलाय म्हणून स्वस्तात दिला होता.

“जरा जवळ धर की,” मामा म्हणाले. मग लगेच, “तडा न्हवं रे ते, गेट हाय. तळातनंच ओतल्यात की.”

तडा आत जातो, ही रेघ बाहेर आलेली होती. जुन्या पद्धतीत साचा पालथा ठेवून तव्याच्या तळातूनच, लांबट फटीतून बिडाचा रस ओतायचे. रस आत जायची ही वाट म्हणजे गेट. थंड झाल्यावर त्यात गोठलेलं बीड तोडलं की तिथे हा वण राहायचा. १८९० च्या सुमारास ही पद्धत मागे पडली आणि गेट तव्याच्या कडेला गेलं, तिथला वण घासून टाकणं सोपं. म्हणून तळावर रेघ असलेला तवा बहुधा एकोणिसाव्या शतकातला धरतात. अशा तव्यांवर नाव जवळजवळ कधीच नसतं.

नाव नसलं तरी बाकी खुणा असतात. तव्यावरचा ८ हा आकडा इंचांचा नाही. लाकडाच्या चुलीवरच्या कोणत्या भोकावर तवा बसेल त्याचा तो नंबर. आठ नंबरचा तवा साडेदहा इंचांच्या आसपास भरतो. तळाला कडेनं गोल फिरणारी उंच कडी असेल तर ती कुठे तुटलीय ते पाहायचं. टेनेसीतल्या ‘लॉज’ कंपनीच्या जुन्या तव्यांच्या कडीला तीन खाचा असतात. दांड्याच्या भोकाचा आकार, ओतायच्या चोचीची ठेवण, आकड्यांचं वळण यांवरूनही फाउंड्रीपर्यंत पोचता येतं. तळावर ‘मेड इन यूएसए’ असेल तर मात्र तवा साधारण १९६० नंतरचा, त्याला अँटिक म्हणून पैसे मोजू नयेत.

नाव असलेल्यातही एक गोम आहे. खऱ्या ग्रिसवोल्डवरून साचा काढून नकला ओतणारे लोक आहेत. इथे मामांचा हिशेब कामाला येतो. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून ज्यावरून साचा घेतात तो नमुना, म्हणजे पॅटर्न, हे आकसणं (श्रिंकेज) धरून मोठा करतात. तयार तव्यालाच पॅटर्न केलं तर श्रिंकेज धरायला वावच राहत नाही. साडेदहा इंचांच्या तव्याची नक्कल अडीचेक मिलिमीटर लहान निघते. शिवाय अक्षरं बोथट, पोत रवाळ. जुने तवे आतून घासून गुळगुळीत केलेले असत. खोटं नाव उमटवता येतं, हे अडीच मिलिमीटर लपवणं अवघड.

गंमत म्हणजे वापाकवाल्यांनी त्या काळी हेच केलं होतं. दुसऱ्यांचे तवे पॅटर्न म्हणून वापरले. त्यामुळे काही वापाक तव्यांवर त्यांच्या नावाखाली ‘ईरी’ ही अक्षरं पुसट दिसतात. संग्राहक याला भुताची खूण म्हणतात आणि आवडीने घेतात. शंभर वर्षं मुरली की उचलेगिरीलाही भाव येतो!

भाव ठरवताना मी नावाआधी तब्येत बघतो. बोटाच्या पेरानं वाजवला की खणखणीत आवाज यावा, भदभद वाजला तर कुठेतरी केसाएवढा तडा असतो. सपाट फरशीवर ठेवून फिरवायचा. भोवऱ्यासारखा फिरला तर तळ फुगलाय, काचेच्या शेगडीवर तो निरुपयोगी. लालसर, खवल्यासारखा डाग पडलेला तवा आगीत तापून मेलेला असतो, त्यावर तेलाचा थर नीट बसत नाही. तो मी फुकटही घेत नाही. आणि शिसं! गळाला लावायची वजनं, बंदुकीच्या गोळ्या ओतायला लोक जुनी भांडी वापरत. शिशाची चाचणी केल्याशिवाय त्यात खायचं काही करू नये. गंज असला तर काळजी नाही, तो निघतो. पण ग्राइंडर किंवा वाळूचा फवारा मारून चकचकीत केलेल्या तव्याची किंमत संग्राहकांच्या लेखी पडते.

दुर्मिळपणा आकारात असतो. आठ नंबर घरोघरी होता, म्हणून स्वस्त. ग्रिसवोल्डचा तेरा नंबर कमी निघाला, त्याला शेकड्यांनी डॉलर पडतात, चांगला असेल तर हजाराच्या वरही. ग्रिसवोल्डचंच बत्तीस नंबरचं, सात खळग्यांचं डॅनिश केकचं भांडं मात्र परवडणाऱ्या भावात मिळतं. आपलं आप्पेपात्रच ते, डॅनिश लोक त्यात गोड आप्पे करतात. माझ्या घरी त्यात कांदा-मिरचीचे होतात.

त्या गेटवाल्या तव्याचे आता शंभर डॉलर सहज येतील असं मी मामांना सांगितलं. ते म्हणाले, “बिडाला इथं किलोवर विचारत्यात.” मग त्यांनी तव्याच्या भिंतीची जाडी विचारली. मी कॅलिपर लावून तीन मिलिमीटर म्हटल्यावर मात्र फोन मामींकडे वळवून ते त्यांना दाखवायला लागले, एवढं पातळ हातानं मोल्डिंग करून कसं ओतलं असेल ते.