आमची वाटचाल: नवतप्यात शिकलेलं स्टायरीन

हिंगणा एमआयडीसीतल्या भाड्याच्या टिनाच्या शेडमध्ये आम्ही फायबरच्या कूलर बॉडी बनवायला लागलो. जवळ दोन साचे, एक वजनकाटा आणि रेझिनचे तीन ड्रम. नागपुरात कूलरला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. पाण्यानं पत्रा गंजतो, फायबर गंजत नाही, एवढं सांगितलं की पुरे.

पण पहिल्याच नवतप्यानं, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांनी, आम्हाला जागेवर आणलं. बादलीत पाच किलो रेझिन होतं आणि पोरानं हार्डनर हिवाळ्याच्याच मापानं टाकला. ब्रश बुडवायच्या आत रेझिन घट्ट झालं, तापलं, धूर निघाला. "भाऊ, बादली पेटते का जी?" ओढतच ती बाहेर नेली. त्याच आठवड्यात रेझिन पातळ करायला आणलेलं स्टायरीन ड्रममधून मधासारखं जाड निघालं. भांडायला पुरवठादाराला फोन लावणार होतो, पण ड्रम उन्हात ठेवला होता आम्हीच.

तेव्हा हे रसायन नीट वाचून काढलं. रंगहीन, गोडसर उग्र वासाचं, 145 अंशांना उकळणारं. थर्माकोल, टायरचं रबर, एबीएस प्लॅस्टिक या सगळ्यांत तेच. आमचं रेझिन म्हणजे स्टायरीनमध्ये विरघळवलेलं पॉलिएस्टर. तेच रेझिनला पातळ ठेवतं आणि हार्डनर पडला की पॉलिएस्टरच्या साखळ्या एकमेकींना जोडतं. जोडताना उष्णता सुटते, उष्णतेनं जोडणी आणखी वेग धरते. नुसत्या उन्हातही स्टायरीन हळूहळू स्वतःशीच जुळत जातं. ते थोपवायला त्यात टीबीसी नावाचं रसायन घालतात, 10 लाख भागांत साधारण 10 ते 15 भाग. पण टीबीसीला काम करायला विरघळलेला ऑक्सिजन लागतो आणि उन्हाळ्यात तो लवकर संपतो.

स्टायरीनची वाफ साधारण 31 अंशांनाच ठिणगी धरू शकते. आपला मे 45 अंशांचा! हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. ही वाफ हवेपेक्षा साडेतीनपटीहून जड, जमिनीलगत साचते. छताजवळचे एक्झॉस्ट पंखे काढून खाली बसवले. हार्डनर आणि त्याचं काम वेगानं करवणारं कोबाल्टचं द्रावण वेगळ्या खोल्यांत गेले, कारण ते थेट एकत्र आले तर स्फोट होऊ शकतो. 2018 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं स्टायरीनला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं, तेव्हापासून वाफ रोखणारा मास्क घातल्याशिवाय साच्याजवळ कोणालाच जाऊ देत नाही. उकाड्यात मास्क नको वाटतो, पोरं कुरकुरतात. पण मी ऐकत नाही. त्यांच्या घरी लेकरं आहेत.

मे महिन्यात काम पहाटे पाचला सुरू होतं, अकराला थांबतं. रोज सकाळी कपभर रेझिनमध्ये मोजून हार्डनर टाकायचा, घट्ट व्हायला लागलेली मिनिटं पाटीवर लिहायची आणि त्यावरून दिवसाचं माप ठरवायचं.

यंदा बुटीबोरीत स्वतःचा प्लॉट घेतला. शेडच्या आधी तिथं जाड भिंतींची ड्रमची खोली उभी राहिली.