बाबांचा फोन आणि आठ जीबीचं कार्ड

१ जूनपासून मासेमारी बंद, होडी झापांखाली शाकारलेली. म्हणून बाबा दिवसभर मालवणच्या दांडी किनाऱ्यावरच्या घरी. त्यातच त्यांचा जुना फोन एका सकाळी कंपनीच्या नावावर अडकला. नाव दिसायचं, विझायचं, परत दिसायचं. मालवण बाजारातल्या एका दुकानदाराने बोर्ड गेल्याचं सांगून नवीन फोन पुढे केला. बाबा म्हणाले, "माका नवो फोन नको गो. ह्योच बरो." त्यांच्या बोटांना या फोनची सवय आहे, आणि त्यांची ती सवय मला मोडायची नव्हती.

बोर्ड गेला असता तर रिकव्हरी, म्हणजे फोन दुरुस्त करायचा लपलेला मेनू, तीही उघडली नसती, असं मला वाटलं. व्हॉल्यूमचं वरचं बटण आणि पॉवर एकत्र दाबून धरलं, तर मेनू आला. म्हणजे बिघाड सॉफ्टवेअरचा असण्याची शक्यता जास्त. कॅश, म्हणजे फोनने तात्पुरत्या साठवलेल्या फाइली, पुसून पाहिली, फरक पडला नाही.

पुढची पायरी सगळा डेटा पुसण्याची, म्हणून तिथे थांबले. होडी चालवणारा तांडेल, बर्फवाले, मासे घेणारे व्यापारी, सगळ्यांचे नंबर याच फोनमध्ये. लॅपटॉपवर बाबांचं गुगल खातं उघडलं, नंबर तिथे सुरक्षित होते. पासवर्ड बाबांनी होडीच्या हिशोबाच्या वहीत लिहून ठेवला होता. पुसल्यावर फोन जुनं खातं मागतो, पासवर्ड नसता तर मी तिथेच अडले असते. फोटो मेमरी कार्डावर होते, ते कार्ड आधी काढून घेतलं. मग डेटा पुसला. तरीही तेच.

आता मूळ फर्मवेअर, म्हणजे फोन चालवणारं कंपनीचं सॉफ्टवेअर, परत टाकायचं. मॉडेल नंबर बॅटरीखालच्या चिठ्ठीवर मिळाला. शेवटचं अक्षरसुद्धा जुळलं पाहिजे. माझी पहिली फाइल दुसऱ्या देशासाठीची निघाली आणि रिकव्हरीने ती नाकारली. ते बरंच झालं, नुकसान टळलं. दुसरी फाइल रात्री उशिरा, रेंज बरी असताना उतरवली.

कार्डाने मात्र दोन संध्याकाळी खाल्ल्या. ६४ जीबीचं कार्ड फोन वाचेना, कारण ते एक्सफॅटमध्ये होतं आणि जुन्या रिकव्हरीला फॅट३२ लागतं; या दोन्ही कार्डावर फाइली मांडायच्या पद्धती. कपाटातलं आठ जीबीचं कार्ड शोधून ते फॅट३२मध्ये फॉरमॅट केलं. तरी फाइल दिसेना. मी तिचं नाव बदलून 'अपडेट.झिप' केलं होतं, पण विंडोज शेवटचं '.झिप' लपवतं, त्यामुळे खरं नाव 'अपडेट.झिप.झिप' झालं होतं. ते सुधारलं आणि फाइल न उलगडता, कुठल्याही फोल्डरबाहेर कार्डावर ठेवली. काही कंपन्यांना ठरावीक नावाचा फोल्डर लागतो, म्हणून आपल्या मॉडेलची सूचना आधी वाचावी.

बॅटरी नीट भरून घेतली आणि 'एसडी कार्डवरून अपडेट' निवडलं. काम किती झालं ते दाखवणारी पट्टी अर्ध्यावर गेली आणि थबकली. त्याच वेळी लाइट गेली. अंधारात फक्त तो छोटा पडदा, बाहेर पाऊस. चार मिनिटं काहीच हललं नाही. बॅटरी काढावी असं दोनदा वाटलं, पण हात मागे घेतला. अपडेट मध्येच तुटलं तर फोन कायमचा जाऊ शकतो. मग पट्टी हलली, आणि शेवटपर्यंत गेली.

पहिल्यांदा चालू व्हायला दहा-बारा मिनिटं लागली. खातं टाकलं, एकेक नंबर परत आला. बाबांनी फोन हातात घेतला, अक्षरं मोठी करून घेतली आणि तांडेलला लावला. "जाळी शिवून झाली काय रे?"