टँकरच्या नोंदींची वही

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातुरात आली, तेव्हा देशभरचे कॅमेरे स्थानकावर जमले होते. आम्ही तिघे मात्र औसा तालुक्यातल्या गावांत टँकरच्या खेपा मोजत होतो. त्या नोंदींतूनच आमचे बातम्यांचे संकेतस्थळ उभे राहिले. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आले, डेटा स्वस्त झाला, आणि जिथे वर्तमानपत्र दुपारच्या एसटीने पोहोचे, तिथे पीकविमा आणि सोयाबीनच्या भावाच्या आमच्या बातम्या सकाळीच चहाच्या टपरीवर वाचल्या जाऊ लागल्या.

मात्र तो वाचक आमच्याकडे येत नव्हता, फेसबुकवरून येत होता. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने ओळखीच्या माणसांच्या मजकुराला प्राधान्य देऊन वृत्तसंस्थांचा मजकूर मागे सारला, आणि आमची वाचकसंख्या काही महिन्यांत ओसरली. गूगलच्या जाहिरातींतून सर्व्हरचे भाडेही निघेना. स्थानिक जाहिरातदार म्हणजे बहुधा राजकीय पुढारी, त्यांचे कारखाने, त्यांच्या शिक्षणसंस्था; ज्यांच्याविषयी लिहायचे, त्यांच्याचपुढे हात पसरायचा. एका कारखान्याच्या थकीत ऊसबिलांची बातमी दिल्यावर त्याची दिवाळीची जाहिरात गेली (ती आम्ही गृहीत धरली होती, हा आमचा भाबडेपणा). वर्गणी मागून पाहिली. लोकांनी कौतुक भरभरून केले.

२०२० च्या टाळेबंदीत उरल्यासुरल्या जाहिरातीही थांबल्या आणि डोमेनचे नूतनीकरण आम्ही केले नाही. टँकरच्या खेपांची वही माझ्या कपाटात आहे; तिच्यावरून लिहिलेल्या बातम्या आता कुठेच उघडत नाहीत.