सरासरी तपासण्याचा छंद, नोंद ५ : या खेपेला माझाच लघुप्रबंध

मागच्या नोंदीत म्हटलं होतं की शोधगंगेवरचे (म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यातले) अजून चार प्रबंध उतरवून त्यांची कोष्टकं तपासतो. ते राहिलं. कारण मधेच दुर्बुद्धी सुचली आणि स्वतःचा २००९ सालचा एम.फिल.चा लघुप्रबंध काढून बसलो.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात. छापलेली सरासरी गणिताने शक्य तरी आहे का, हे बघण्याच्या या तपासणीला ग्रिम म्हणतात. निक ब्राउन आणि जेम्स हेदर्स या दोघांनी ती २०१६ मध्ये मांडली. उत्तरं १ ते ५ अशा पूर्ण आकड्यांत असतील तर त्यांची बेरीजही पूर्ण आकड्यातच येणार. म्हणजे २३ जणांची सरासरी वाट्टेल ती येऊ शकत नाही. छापील सरासरीला संख्येने गुणा, जवळची पूर्ण बेरीज घ्या, परत भागा. छापलेला आकडा आला तर ठीक. नाही आला तर कुठेतरी पाणी मुरतंय. कॅल्क्युलेटर पुरे. सरासरी दोन दशांशांपर्यंत दिलेली असेल तर संख्या शंभराच्या आत हवी, नाहीतर सगळंच पास होतं. त्या दोघांनी मानसशास्त्रातले तपासता येण्याजोगे ७१ निबंध घेतले होते, त्यातल्या ३६ मध्ये निदान एक तरी अशक्य सरासरी निघाली. पुढे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले तेव्हाचे आहारसंशोधक ब्रायन वॅन्सिंक यांचे पिझ्झा बुफेवरचे चार निबंध ब्राउन आणि आणखी दोघांनी चाळले, तेव्हा दीडशेच्या आसपास विसंगती सापडल्या.

तर माझा विषय जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यातल्या केळी उत्पादकांची मतं. ८१ शेतकरी : २३ अल्पभूधारक, ३२ मध्यम, २६ मोठे बागायतदार. केळीच्या कांदेबाग हंगामात, लागवडीच्या दिवसांत मोटरसायकलवर हिंडून फॉर्म भरून घेतले होते. प्रबंधाची बांधणी झकास, काळं कापड, सोनेरी अक्षरं. आत १४ कोष्टकं.

बारा कोष्टकं पास झाली. मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या.

तेराव्यात ठेच लागली. ठिबकचं अनुदान वेळेवर मिळतं का, या प्रश्नाला अल्पभूधारकांची सरासरी २.३८. आता २३ गुणिले २.३८ म्हणजे ५४.७४. बेरीज ५५ धरली तर सरासरी २.३९ येते, ५४ धरली तर २.३५. मधलं २.३८ कुठून आलं? आणि चौदाव्यात, टिश्यू कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेल्या) रोपांचा खर्च वसूल होतो का, यावर ३२ मध्यम शेतकऱ्यांची सरासरी ३.१४. बेरीज १०० असेल तर ३.१२५, म्हणजे ३.१२ लिहा नाहीतर ३.१३. बेरीज १०१ असेल तर ३.१६. बत्तीस माणसांत ३.१४ बसतच नाही.

दुसऱ्याच्या प्रबंधात हे सापडलं असतं तर मी काय म्हटलं असतं, ते नोंद ३ मध्ये लिहून बसलोय. तिथे एकाच्या कोष्टकाबद्दल ‘आकडे घरी बसून भरलेले दिसतात’ असं वाक्य टाकलं होतं. नाव दिलं नव्हतं, पण वाक्य होतंच.

फॉर्म माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत. मे महिन्यात अमळनेरात माळ्यावर चढणं म्हणजे भट्टीत डोकं घालणं. ट्रंक खाली आली, धूळ उडाली, आई दारात येऊन म्हणाली, “रद्दीमा काय सोनं शोधी ऱ्हायना भो?” फॉर्म मात्र शाबूत होते, गटवार सुतळीने बांधलेले. त्या सुतळीबद्दल त्या वेळच्या स्वतःला मी मनापासून धन्यवाद दिले.

पहिलं कोडं दहा मिनिटांत सुटलं. तेवीसपैकी दोघांनी अनुदान घेतलंच नव्हतं, म्हणून तो रकाना त्यांनी कोरा सोडला होता. उरले २१, त्यांची बेरीज ५०, सरासरी २.३८. गणित बरोबर होतं. कोष्टकाच्या डोक्यावर २३ छापलं आणि खाली तळटीप द्यायची राहिली, एवढंच. बाहेरून बघणाऱ्याला मात्र ती सरासरी अशक्यच दिसणार.

दुसरं तसं सुटलं नाही. बत्तीसही फॉर्ममध्ये उत्तर होतं. बेरीज १०३, म्हणजे खरी सरासरी ३.२२. मग ३.१४ कुठलं? दोन रात्री डोकं खाल्लं. शेवटी गठ्ठ्यात तळाशी चार फॉर्म वेगळ्या शाईचे दिसले आणि आठवलं. सावद्याकडचे ते चार फॉर्म उशिरा आले होते. ते बाजूला ठेवून २८ मोजले तर बेरीज ८८, सरासरी ३.१४. टायपिंग झालेलं, बाइंडिंगवाल्याकडे तारीख लागलेली. मी डोक्यावरचे २८ खोडून ३२ केले आणि खालचा आकडा तसाच ठेवला. चुकून नाही. ‘फार तर शतांशात फरक पडेल’ असं तेव्हा स्वतःशी म्हटल्याचं पक्कं आठवतं.

फरक शतांशातच पडला, पण तो भलत्या जागी. मोठ्या बागायतदारांची सरासरी ३.१९, जी बरोबर आहे. आणि मी चौथ्या प्रकरणात लिहिलंय की मध्यम शेतकऱ्यांपेक्षा मोठ्यांचा कल अधिक अनुकूल आहे. ३.२२ घातलं की वाक्य उलटं होतं. त्याहून लाजिरवाणं म्हणजे पाच शतांशांच्या फरकावर मी अर्धं पान लिहिलं होतं, भांडवलाची उपलब्धता वगैरे कारणं देऊन. पन्नासपेक्षा कमी माणसांच्या गटांत इतका फरक म्हणजे काहीच नव्हे. तोंडी परीक्षेत ते कुणी विचारलं नाही. आता विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांनी सगळ्यांना दहा टक्के साम्याची धास्ती असते, सॉफ्टवेअर शब्द पकडतं. माझे शब्द शंभर टक्के माझेच होते, तो आकडाही माझाच.

मार्गदर्शक सरांना फोन केला. ते निवृत्त आहेत. म्हणाले, “अहो, एम.फिल.ची पदवीच बंद झाली, तुम्ही अजून कोष्टकात?” मग जरा थांबून म्हणाले, “शुद्धिपत्र लावा.” जुन्या मराठी पुस्तकांत शेवटी असायचं तसं, पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध. अर्ध्या पानाचं केलं. त्यात ते अर्धं पान रद्द समजावं असंही घातलं.

ग्रंथालयात घेऊन गेलो तर सादर झालेल्या प्रबंधात काही चिकटवायची तरतूद नाही म्हणाले. अर्ज करा. अर्ज केला. विषय काय लिहायचा यावर बाबू आणि मी बराच वेळ खल केला, शेवटी ‘स्वतःच्या चुकीबाबत’ असं ठरलं. आवक क्रमांक पडला आहे.

नोंद ३ मधलं ते वाक्य काढून टाकलं. त्या जागी ‘मूळ फॉर्म पाहायला हवेत’ असं लिहिलंय. त्या प्रबंधकर्त्याला पत्रही टाकलंय, आरोप न करता, रकाने कोरे होते का एवढंच विचारून.

पुढच्या वेळी शेकडेवारी. ३० जणांत ४८ टक्के कसे बसतात ते बघा तोवर. १४ जण म्हणजे ४७, १५ म्हणजे ५०. ट्रंक अजून ओसरीतच आहे, आई रोज तिला अडखळते आणि माझ्या नावाने काहीतरी म्हणते.