मकरपुऱ्याच्या शेडमध्ये घडणाऱ्या स्केटच्या फ्रेम : आमची वाटचाल

आजोबा बडोद्याच्या कलाभवनात शिकले. सयाजीराव महाराजांनी 1890 साली सुरू केलेल्या या संस्थेमुळे आमच्या घरात लोखंड-पितळेचं काम आलं ते कायमचं. पुढे वडिलांनी बडोद्यातल्याच मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, शेड घेतली आणि लेथवर पंप-व्हॉल्व्हचे सुटे भाग करून दिले. माझ्या काळात व्हीएमसी, म्हणजे संगणकाच्या हुकमावर धातू कापणारं मशीन आलं. कामाला तोटा नव्हता, पण सगळं जॉबवर्क, दुसऱ्याच्या ड्रॉइंगवरचं. आपलं म्हणावं असं काही हातून घडत नव्हतं.

ते घडलं पुतणीमुळे. ती इनलाइन स्केटिंग करायची, म्हणजे एका रांगेत चाकं असलेल्या स्केटवरचं. एकदा म्हणाली, "काका, उजवा स्केट सारखा आत ओढतोय." मी फ्रेम, म्हणजे बुटाखालची चाकं धरणारी पट्टी, बुटावरून सोडवली आणि शेडमध्ये नेली. अॅक्सलच्या, म्हणजे चाकाच्या दांड्याच्या, चारही भोकांत 8 मिलिमीटरच्या ग्राइंड केलेल्या पिना घातल्या, फ्रेम सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट पाट्यावर ठेवली आणि एकेका पिनेवरून बारीक फरक दाखवणारा काट्याचा डायल फिरवला. तीन पिनांवर काटा जवळपास जागचा हलला नाही. चौथीवर सरळ पळाला. पत्रा पातळ होता, तो भोकाजवळ वाकला होता, आणि म्हणून मागचं चाक जमिनीला तिरकं टेकत होतं. मग तिच्याच मापाची फ्रेम 6061 अॅल्युमिनियमच्या बारमधून कापून दिली. ती बघून रिंकवरची बाकी मुलं यायला लागली.

आता आई-बाबा येतात ते पहिला प्रश्न धातूचा घेऊन. "7075 आहे ना?" हा प्रश्न तर रोजचा. 6061 काय, 7075 काय, दोन्ही अॅल्युमिनियमच्याच मिश्रधातूंचे नंबर. याचं उत्तर आम्ही वेळ काढून देतो, कारण इथेच लोकांचे पैसे वाया जातात. 7075 हा 6061 पेक्षा जवळपास पावणेदोन पट मजबूत, म्हणजे तो वाकून तसाच राहायला तेवढा जास्त जोर लागतो. पण ताठपणा दोघांचा जवळजवळ सारखाच. जाडी आणि आकार तोच ठेवला, तर पाय दाबल्यावर दोन्ही फ्रेम सारख्याच लवतील. फ्रेम ताठ होते ती तिच्या भिंतींच्या उंचीमुळे, मधल्या आडव्या पुलांमुळे. 7075 चा खरा फायदा एवढाच की भिंत पातळ ठेवून वजन कमी करता येतं. शर्यतीत उतरणाऱ्या मोठ्या मुलांना तो घ्यावा. नवशिक्याला 6061 पुरेसा आहे, आणि हे मी माझं नुकसान करून सांगतो.

मॅग्नेशियम अॅल्युमिनियमपेक्षा साधारण एक तृतीयांश हलकं, आणि खडबडीत रस्त्याची थरथर पायापर्यंत कमी पोचवतं. पण कापताना निघणारा त्याचा बारीक कीस पेट घेतो, आणि पेटला की पाणी मारणं आणखी धोक्याचं. आमच्या शेडमध्ये ते काम घेत नाही. कार्बन फायबर हलकं आणि ताठ, यात वाद नाही. पण जोरात आपटलं तर आतले थर सुटतात, वरून दिसत नाही, म्हणून सतत पडणाऱ्या लहान मुलासाठी मी तरी ते सुचवणार नाही.

धातूआधी विचारायला हवं ते मूल काय खेळतं हे. स्पीडला 110 मिलिमीटरची चार चाकं लागली तर पहिल्या आणि शेवटच्या अॅक्सलमधलं अंतर साधारण 335 मिलिमीटर, आणि दोन चाकांमध्ये जेमतेम पावणेदोन मिलिमीटर जागा. भोक जरा सरकलं की चाकं घासलीच. एवढी लांब फ्रेम सरळ रेषेत धावते, वळायला मात्र कंटाळते. स्लॅलमला, म्हणजे ओळीत ठेवलेल्या छोट्या शंकूंमधून वळत जाण्याच्या खेळाला, नेमकं उलटं. तिथे 80 ची चार चाकं, साधारण 243 मिलिमीटरची आखूड फ्रेम, आणि मधली दोन चाकं एक-दोन मिलिमीटर खाली. मूल शंकूंमधून जागच्या जागी फिरतं ते चाकांच्या रांगेला आलेल्या या वक्रामुळे. हे काम मला सगळ्यात आवडतं. हॉकीत पुढे 76 ची आणि मागे 80 ची चाकं लावायची पद्धत आहे, तोल पुढे येतो. कठड्यावरून घसरणाऱ्यांना मात्र प्लास्टिकचीच फ्रेम घ्या म्हणतो, ती झिजते पण घसरते छान.

फ्रेम घ्यायला येताना बूट सोबत आणा. तळाच्या दोन बोल्टमधलं अंतर 165 मिलिमीटर आहे की 195, यावर सगळं अडतं. बसवून झाली की मुलाला शेडसमोरच्या सिमेंटवर एका पायावर घसरायला लावतो. घोटा आत पडत असेल तर बोल्ट सैल करून फ्रेम थोडी आत सरकवतो, पुन्हा बघतो, पुन्हा सरकवतो. याचे वेगळे पैसे नाहीत. फ्रेम दुसऱ्याकडून घेतलेली असली तरीही.