एकच गाणं अर्धा अर्धा तास काय ऐकतोस?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर मी स्वतःहून हा विषय काढत नाही. घरात तर नाहीच, बायको सरळ उठून स्वयंपाकघरात जाते.

प्रश्न ठरलेला आहे. "तू हे काय इंग्रजी भजन लावून बसतोस, एकच गाणं अर्धा अर्धा तास, आणि वर वहीत काय खरडतोस?" हे मला लग्नाच्या पंगतीत विचारून झालंय, मालवणच्या बाजारात बांगडे घेताना विचारून झालंय, एकदा तर बँकेच्या लायनीत. 'इंग्रजी भजन' हा शब्द माझ्या मावसभावाचा. तो चिडवायला म्हणतो, पण खरं सांगू का, इतक्या वर्षांत एवढं अचूक नाव मला स्वतःला सुचलेलं नाही.

मी बोटीवर होतो, एकोणीस वर्षं, इंजिनरूममध्ये. १९९९ च्या ऑक्टोबरात आमची बोट अमेरिकेत नॉरफोकला कोळसा भरायला लागली होती. तिथे बंदरात खलाशांसाठी एक सेंटर असतं, त्यांची व्हॅन येते, बाजारात नेते, फोन करायला नेते, आणि रात्री परत गेटवर आणून सोडते. ती व्हॅन चालवणारा म्हातारा, साठीचा असेल, पांढरी शेंडी बांधलेला, सतत एकच कॅसेट लावायचा म्हणजे मला तरी ती एकच वाटायची. मी तिसऱ्या दिवशी म्हटलं बाबा रे, दुसरी काही नाही का. तो हसला आणि डॅशबोर्डखालचा पुठ्ठ्याचा खोका दाखवला, त्यात साठसत्तर कॅसेट, सगळ्या त्याच बँडच्या, प्रत्येकीवर गाव आणि तारीख. अल्बमचं नाव एकीवरही नाही. गाव आणि तारीख, बस.

तो बँड म्हणजे ग्रेटफुल डेड. १९६५ ला कॅलिफोर्नियात सुरू झाला आणि १९९५ ला त्यांचा गिटारवाला जेरी गार्सिया गेला तेव्हा थांबला. या तीस वर्षांत दोन हजारांवर कार्यक्रम केले आणि रोज रात्री गाण्यांची यादी वेगळी. गाणं असतं, दोन कडवी गातात, मग गाणं तिथेच सोडून देतात आणि सगळे मिळून कुठेतरी निघतात, कधी पाच मिनिटांत परत येतात, कधी अर्ध्या तासाने, कधी परत न येता भलत्याच गाण्यात जाऊन उतरतात. असं करणाऱ्यांना तिथे जॅम बँड म्हणतात. आणि यांच्या लोकांनी काय करावं, तर माइक घेऊन कार्यक्रम टेप करावा! बँडनेही मना केलं नाही, १९८४ पासून तर टेप करणाऱ्यांसाठी वेगळी जागाच ठेवली, एकच अट, विकायचं नाही. मग लोक एकमेकांना कोरी कॅसेट आणि परतीचं पोस्टेज पाठवायचे आणि कार्यक्रम मागवून घ्यायचे.

म्हातारा १९८९ ला खाडीपलीकडे हॅम्प्टनला हजर होता. तिथे ८ आणि ९ ऑक्टोबरला डेडने जुनं नाव लावून कार्यक्रम केले होते, 'पूर्वीचे वॉरलॉक्स' म्हणून, तिकिटं फक्त आसपास विकली म्हणजे बाहेरगावची झुंबड नको. दुसऱ्या रात्री त्यांनी पाच वर्षं न वाजवलेलं एक गाणं काढलं. ते सांगताना याने व्हॅन रस्त्याच्या कडेला थांबवली. आम्ही पाच खलाशी मागे पिशव्या घेऊन बसलेले, कोणाला काही कळेना, आणि मला एकदम आमचा काका आठवला.

काका वाडीच्या भजनात झांज वाजवायचा. डबलबारी असली की गाव कुठलंही असो, हा सायकल काढणार. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दोन बुवा, दोन मंडळं, समोरासमोर, आलटून पालटून गाणार, एकमेकांना गाण्यातून सवाल टाकणार, रूपाचा अभंग, गौळण, शेवटी गजर, आणि रात्र संपते. सकाळी एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात उसळ-पाव खाताना जे चालायचं ते मी लहानपणी कान टवकारून ऐकलंय. "पयल्या बारयेक बुवान नुसतो गळो तापवल्यान. मजा इली ती गवळणीक." कोणीतरी म्हणणार, नाय हो, पखवाजवाल्याने घाई केली. मग तिथे टेबलावर बोटांनी मात्रा मोजून दाखवणं, उसळ सांडणं, आणि हॉटेलवाल्याची शिवी. दशावताराचंही तेच, कार्तिकापासून जत्रा सुरू झाल्या की एका कंपनीच्या मागून गावोगाव फिरणारे लोक असतात, आख्यान पाठ असतं, पण लिहिलेले संवाद नसतात ना, आज राजा त्या एका बाकड्यावर बसून काय बोलेल ते उद्या बोलणार नाही. त्यांना कोणी विचारत नाही की तेच तेच काय बघता. मला विचारतात!

तर शनिवारी म्हाताऱ्याने मला एका क्लबात नेलं. क्लब म्हणजे आपल्याकडचं मंगल कार्यालयाचं जेवणघर असतं ना, तेवढं. पाच डॉलर, हातावर शिक्का. शंभरेक माणसं. बँड तिथलाच लोकल, पाच पोरं, नाव सांगून उपयोग नाही, पुढे ते कुठे ऐकू आले नाहीत. मधोमध एक माणूस उंच स्टँडवर दोन माइक लावून उभा, त्याच्या आसपास कोणी बोलत नव्हतं, देवाच्या पालखीशी वागावं तसं. दुसरा एक जण भिंतीला टेकून वहीत गाण्यांची नावं आणि मिनिटं लिहीत होता. ते बघितलं आणि मला वाटलं हा आपला माणूस.

दुसऱ्या सेटमध्ये, म्हणजे मध्यंतरानंतर, एक गाणं सुरू झालं, गाणाऱ्याने दोन कडवी म्हटली आणि माइकपासून मागे सरकला. मग काय झालं ते सांगायला मला रापणच आठवते. किनाऱ्यावर दोन रांगा दोन टोकांनी दोर ओढतात, मध्ये किती पाणी आहे, जाळ्यात काय आहे, कोणालाच दिसत नसतं, पण हळूहळू दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकत येतात, कुठलीही रांग दुसरीच्या पुढे धावली की जाळं वाकडं. बेसवाला आणि ड्रमर अशी दोन टोकं धरून होते. गिटारवाला मध्ये. आणि रापण कधी कधी रिकामी येते, दोन टोपल्या पेडवे आणि चिखल, म्हणून काय कोणी घालायची सोडत नाही.

मध्येच फ्यूज उडाला. दिवे राहिले पण गिटार, बेस, पेटी सगळं गप, नुसता ड्रम. ड्रमर थांबला नाही. लोकांनी टाळ्या धरल्या, त्याही उलट्या जागी, अमेरिकन माणसं टाळीत जरा कच्ची आहेत. ड्रमरने उजव्या हाताने वाजवता वाजवता डावा हात वर करून लोकांना हळू हळू अशी खूण केली, जसा बुवा कोरसला करतो, आणि शंभर माणसं खरंच हळू झाली. गिटारवाला मुकी गिटार वाजवतच होता, बोटं चालू, आवाज शून्य. मग करंट आला आणि आवाज मधल्याच स्वरावर फुटला, आणि माझ्या शेजारचा दाढीवाला माणूस रडत होता. मी पण असेन, सांगता येत नाही, मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो आणि पाच महिने घरी गेलो नव्हतो.

बाहेर फुटपाथवर अर्धा तास भांडण. कोणी म्हणे आजवरचा सर्वात भारी, कोणी म्हणे मागच्या महिन्यातला ऐकला नाहीस तू. मी गप्प उभा, पण आत उसळ-पावचा वास येत होता.

दोन महिन्यांनी एजंटमार्फत पाकीट आलं. त्यात दोन मॅक्सेलच्या नव्वद मिनिटांच्या कॅसेट, प्रत्येक सेटची एक. आतल्या कार्डावर बारीक अक्षरात गाव, तारीख, गाण्यांची नावं, आणि जिथे एक गाणं न थांबता दुसऱ्यात गेलं तिथे मध्ये छोटा बाण. बरोबर म्हाताऱ्याचं पानभर पत्र. मला वाटलं कौतुक असेल. तर पहिला सेट, त्याने लिहिलं होतं, विसरून जा, पोरं घाबरलेली होती. तिसऱ्या गाण्यात ड्रमरने घाई केली. दुसऱ्या सेटचं मोठं गाणं सातव्या मिनिटापासून ऐक, अकराव्याला वाट चुकलेत, सतराव्याला बेसवाल्याने घरी आणलं. फ्यूजबद्दल दोनच शब्द, तांत्रिक बिघाड.

मला राग आला. एवढी रात्र आणि हा माणूस वाण्यासारखा हिशेब मांडतोय. केबिनमध्ये ऐकायला बसलो ते त्याला खोटं पाडायला. आणि अकराव्या मिनिटाला खरंच चुकलेत हो! क्लबात मला ते कळलंच नव्हतं, मी तेव्हा तरंगत होतो. गिटारवाला एक तुकडा परत परत वाजवतोय, जसं अनोळखी गावात माणूस त्याच पिंपळाशी तीनदा येतो, आणि बेस खाली वेगळंच काहीतरी शोधतोय. मग सतराव्याला बेसवाला मूळ गाण्याचे तीन स्वर अगदी हळू टाकतो, बाकीच्यांना ऐकू जावे एवढेच. मला आधी चूक ऐकू आली तेव्हा ते तीन स्वर ऐकू आले. चूक कळली नसती तर ते तीन स्वर म्हणजे नुसते तीन स्वर.

पण तांत्रिक बिघाड? कॅसेटवर तिथे चाळीस सेकंद ड्रम आणि टाळ्या आहेत. वर केलेला हात कॅसेटवर नाही, मुकी गिटार नाही. म्हातारा तेव्हा बहुतेक बाथरूमला गेला असणार. म्हणून मी एक दोनशे पानी वही घेतली आणि पहिल्या पानावर ते चाळीस सेकंद लिहून काढले. तीच ही वही. आता तिसरी चालू आहे, डबलबाऱ्याही तिच्यातच असतात, तारीख, गाव, कोण बुवा, पखवाजाला कोण, कुठे रंगली, कुठे पडली.

'पडली' हे लिहायला लागतं हो. हल्ली कुठल्याही बारीचा व्हिडीओ आला की खाली 'बुवा एक नंबर', 'नादखुळा', जोडलेले हात, शंभर अंगठे. त्या बुवाला कळणार कसं की गौळणीत आवाज फाटत होता? काका सगळ्यात जास्त शिव्या द्यायचा तो त्याच्या सगळ्यात लाडक्या बुवाला, आणि पुढच्या बारीला सायकल घेऊन पहिला हजर. डेडवाल्यांचंही तसंच. ८ मे १९७७ चा कॉर्नेल विद्यापीठातला त्यांचा कार्यक्रम अमेरिकेच्या सरकारी ग्रंथालयाने जपून ठेवायच्या रेकॉर्डिंगच्या यादीत घातलाय, आणि तरी चाहते भांडतातच, की तो खरंच एवढा भारी की त्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या बेटी कँटरने टेप फार स्वच्छ केली म्हणून भारी वाटतो. (त्या बाईच्या टेपा पुढे गोडाऊनचं भाडं थकलं म्हणून लिलावात गेल्या. वाचून मला दोन दिवस चैन पडलं नाही.)

आता शेवटचं, कारण 'तुला त्यातलं काय कळतं' हा अर्धा प्रश्न राहिलाच. मागच्या मे महिन्यात खळ्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडत बसलो होतो, मी आणि शेजारचे अण्णा. अण्णा पखवाज वाजवायचे, आता बोटं आखडलीत. मी ती जुनी दुसरी कॅसेट लावली, तिला बुरशी येते, दर पावसाळ्यानंतर पुसावी लागते. अण्णांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हटलं, अण्णा, त्या डेडमध्ये दोन ड्रमर होते, त्यातला मिकी हार्ट उस्ताद अल्लारखांकडे शिकला, झाकीरभाईंबरोबर वाजवलंय त्याने, यांचं एक गाणं अकरा मात्रांचं आहे, नावच 'द इलेव्हन'. अण्णा म्हणाले, "आसात. ह्यो वाजवणारो तो न्हय ना?" नव्हताच तो.

मी गप्प राहिलो. सातवं मिनिट गेलं. अण्णांचं रातांबे फोडणं थांबलं. लाल झालेली बोटं पाटाच्या कडेवर पडायला लागली, आखडलेली, पण जागेवर. अकराव्या मिनिटाला त्यांनी हात वर केला.

"थांब थांब. पाठी ने जरा. हे वाट चुकले."

पत्राचं मी त्यांना कधीच सांगितलेलं नाही. मागे नेली, परत लावली. सतराव्याला बेस आला तेव्हा त्यांनी मान हलवली, थोडीशीच, जास्त हलवली तर समोरच्या मंडळाला कळेल अशी. मग पंच्याला हात पुसत विचारलं, "हेंची पयली बारी खंय असा?"

म्हटलं, ती नको अण्णा, ती पडलेली आहे.

"ता माका ठरवूक दी."