१६ जीबी रॅम, तरी डोमेन जॉईन होईना

"सर, १६ जीबीचा लॅपटॉप घेतलाय, तरी डोमेन जॉईन होत नाही. प्रोसेसर कमी पडतोय का?" तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी प्रॅक्टिकलच्या तासाला लॅपटॉप घेऊन आला होता. डोमेन म्हणजे एका सर्व्हरच्या ताब्यात चालणारं संगणकांचं नेटवर्क, त्यात त्याला दुसरं मशीन जोडायचं होतं. टास्क मॅनेजर उघडला, तर प्रोसेसर जवळजवळ रिकामा होता. मेमरी मात्र ९७ टक्के भरलेली आणि डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली. हे दोन आकडे असे एकत्र दिसले की प्रोसेसरकडे बघायची गरजच उरत नाही.

व्हीएमवेअरवर (एका संगणकात अनेक आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) तीन आभासी मशीन, म्हणजे गेस्ट, एकदम चालू होती: विंडोज सर्व्हर, विंडोज १० आणि काली लिनक्स, प्रत्येकी ४ जीबी. बेरीज १२. त्याच्या मते ४ जीबी शिल्लक होते. पण होस्टवर, म्हणजे खऱ्या लॅपटॉपवर, विंडोज ११, अँटीव्हायरस आणि पंधरा-वीस टॅबचा ब्राउझर मिळून सहज ५ ते ६ जीबी खातात, शिवाय प्रोसेसरमधलं ग्राफिक्स आपला वाटा आधीच काढून घेतं. म्हणजे गरज १८ ची आणि हातात १६ हून कमी. गेस्टची काही मेमरी डिस्कवर ढकलायची व्हीएमवेअरला मुभा असली, की तो कुरकुर न करता तिन्ही मशीन सुरू करतो आणि मग सगळंच रखडतं. डोमेन कंट्रोलर (इथे विंडोज सर्व्हर) वेळेत उत्तर देत नाही, म्हणून क्लायंट (विंडोज १०) जॉईन होत नाही. प्रेफरन्सेसमधल्या मेमरीच्या पानावर 'सगळी मेमरी होस्टच्या रॅममध्येच बसवा' हा पर्याय निवडला, तर जागा नसताना मशीन सुरूच होत नाही. शिकणाऱ्यासाठी मला हेच बरं वाटतं, चूक निदान लगेच कळते.

मग वाटप बदललं. क्लायंटला २ जीबी (विंडोज १० च्या ६४-बिट आवृत्तीची ती किमान मर्यादा, विंडोज ११ असतं तर ४ द्यावेच लागले असते), कालीला २, सर्व्हरला ३. एकूण ७. ब्राउझर बंद केला, मशीन एकेक करून सुरू केली, आधी सर्व्हर आणि तो स्थिर झाल्यावर क्लायंट. डोमेन जॉईन झालं. सर्व्हर कोअर, म्हणजे डेस्कटॉप नसलेला सर्व्हर, निवडला असता तर २ जीबीत भागलं असतं, पण ते इन्स्टॉल करतानाच ठरवावं लागतं. २०१६ पासूनच्या सर्व्हरमध्ये नंतर बदलता येत नाही. उलट टोकही गाठू नका. गेस्टला फारच कमी दिली तर तो स्वतःच्या आभासी डिस्कवर स्वॅप करतो (मेमरीतला डेटा डिस्कवर हलवतो), आणि ती डिस्क त्याच एसएसडीवर असते.

"मग ३२ करू का?" त्याने विचारलं. आधी टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर किती स्लॉट वापरात आहेत ते पाहिलं, मग मॉडेलची माहिती काढली. ८ जीबी मदरबोर्डवर सोल्डर केलेली, ८ जीबी एका स्लॉटमध्ये. १६-१६ च्या दोन पट्ट्या घालून ३२ होणार नव्हते. स्लॉटमध्ये १६ ची पट्टी घालून २४ होतात, तेही कंपनीने तेवढी कमाल मर्यादा दिली असेल तरच. पट्ट्या विषम असल्याने ८ अधिक ८ दुहेरी चॅनलवर (दोन्हींतून एकदम, म्हणून वेगाने) आणि उरलेले ८ एकेरीवर चालतात. व्हर्च्युअल मशीनसाठी त्या वेगापेक्षा क्षमता महत्त्वाची, त्यामुळे मी हरकत घेतली नाही. मेमरी डीडीआर४ प्रकारची की डीडीआर५ एवढं मात्र नीट बघायचं. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, पट्टी बसतच नाही.

नवीन घेणाऱ्यांनी एकाच वेळी किती मशीन चालवणार ते मोजावं, किती साठवून ठेवणार ते नाही. एक लिनक्स गेस्ट असेल तर १६ पुरेसे. विंडोज डोमेनची लॅब किंवा तीन नोडचं (तीन मशीनचं) कुबरनेटीस, म्हणजे कंटेनर चालवणारी यंत्रणा, असेल (ती उभारणाऱ्या क्यूबअ‍ॅडमला प्रत्येक नोडवर किमान २ जीबी लागतात) तर ३२ घ्या. एलपीडीडीआर (कमी वीज खाणारी मेमरी) लिहिलेलं दिसलं तर ती मेमरी जवळजवळ नेहमी बोर्डवर सोल्डर केलेली असते. आज घ्याल तेवढीच कायमची. अ‍ॅपलच्या एम मालिकेतही तेच, वर एक्स८६ (इंटेल-एएमडी प्रोसेसरसाठीचे) गेस्ट फक्त एम्युलेशनने, म्हणजे त्या प्रोसेसरची सॉफ्टवेअरने नक्कल करून, आणि फार संथ चालतात.

आणि मेमरी मोकळी असूनही व्हर्च्युअलबॉक्स (व्हीएमवेअरसारखंच सॉफ्टवेअर) रेंगाळत असेल, तर खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव आहे का बघा. ते असलं तर विंडोजची स्वतःची आभासी मशीनची यंत्रणा, हायपर-व्ही, आड आलेली असते, रॅम वाढवून फरक पडत नाही.